ओन्नी, आधी पडायला शीक

आधी पायांना मुंग्या आल्या आणि मला वाटलं, नवे बूट घट्ट होतायत.

जानेवारी होता, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला गुडघाभर बर्फ पडलेला. मी युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. करत होते, माझा नवरा सुहास एका केमिकल कंपनीत नोकरीला होता आणि आमची ऋता चार वर्षांची होती. आदल्या आठवड्यात तिघांचीही पोटं बिघडली होती. ती दोघं बरी झाली. मीही झाले, असं मी धरून चालले. मग मुंग्या सुरू झाल्या. मग वर्गात शिकवताना हातातला खडू दोनदा गळून पडला. मुलं हसली, मीही हसले. शनिवारी कॅम्पस बसच्या पायरीवर चढायला गेले, तर पाय वर येईचना. ड्रायव्हरने उतरून, दंडाला धरून मला आत घेतलं आणि म्हणाला, "लाँग वीक, हनी?"

मी म्हटलं, हो.

रविवारी सकाळी पलंगावरून उठताच येईना.

"सुहास, माझे पाय उठत नाहीयेत."

"झोप अजून थोडा वेळ. मी ऋताला दूध-सीरियल देतो."

"अरे, झोप येतेय म्हणत नाहीये मी. पाय. पाय उठत नाहीयेत!"

इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरने माझ्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्याला मारली, तोही ढिम्म. मला हसू फुटलं, कारण बहिरा माणूस बसलेला असावा आणि कुणीतरी त्याच्या दारावर टकटक करावं तसं ते दिसत होतं. डॉक्टर मात्र हसला नाही. संध्याकाळपर्यंत पाठीतून पाणी काढून झालं आणि आजाराचं नाव कळलं. गियाँ-बारे. आपलंच शरीर आपल्याच नसांवर उलटतं. याहून जास्त मी सांगणार नाही, बाकीचं पुस्तकांत आहे आणि ते रात्री वाचू नये.

सुहासने खिशातलं पेन काढून तळहातावर स्पेलिंग लिहून घेतलं.

"बरं होतं का हे?" मी विचारलं.

"बहुतेक लोक होतात."

"बहुतेक म्हणजे नेमके किती?"

डॉक्टर पहिल्यांदा हसला. "तुम्ही काय करता?"

"स्टॅटिस्टिक्स."

"मग आज नको," तो म्हणाला. "आज फक्त 'बहुतेक' पुरे."

हे मी इतक्या वर्षांनी लिहितेय ते याचसाठी. कुणीतरी आज अशाच एखाद्या पांढऱ्या छताकडे बघत पडलं असेल. त्यांना माझंही तेवढंच सांगणं आहे. आज 'बहुतेक' पुरे.

एका दमात

पुढचे काही दिवस लुळेपणा पायांकडून वर चढत गेला. गुडघे, मांड्या, हात. शेवटी चमचाही धरता येईना. आयसीयूतल्या सगळ्यांचं लक्ष माझ्या श्वासाकडे होतं. थोड्या थोड्या वेळाने नर्स येऊन सांगायची, "एका दमात जितके आकडे मोजता येतील तितके मोज." आकडा फार खाली आला तर घशात नळी घालून मशीनला जोडणार होते.

मी पहिल्यांदा मराठीत मोजलं. सवयीने. नर्स गोंधळली. मी कुठवर पोचले हे तिला कळेना, आणि ती बोलावून आणणार तरी कुणाला? सुहास शेजारीच होता. तो म्हणाला, "पंचवीस." खरं म्हणजे मी बाविसाला थांबले होते. लबाडी माझ्या लक्षात आली, पण बोलायला दम उरला नव्हता. नंतर नर्सने हुकूम काढला की मोजणी इंग्रजीतच होईल आणि नवरा खोलीच्या बाहेर थांबेल.

भीती वाटली का? वाटली. हात हलत नाहीत, मान हलत नाही आणि डोकं मात्र टक्क जागं. कपाळावर खाज आली तरी कुणी येईपर्यंत वाट पाहायची. मी मनातल्या मनात अमरावतीच्या आमच्या घरातून बाहेर पडून शाळेपर्यंत चालत जायची, प्रत्येक दुकान आठवत. एक पानवाला राहून गेला की पुन्हा घरापासून सुरुवात. त्यात बराच वेळ जायचा.

नळी घालावी लागली नाही. एका सकाळी माझी मोजणी दोन आकड्यांनी वर गेली आणि त्या कडक नर्सने माझ्या गालाचा मुका घेतला. रोग वर चढायचा थांबला होता. आता तो उतरणार होता. पण डॉक्टर म्हणाले, चढला त्याच्या कितीतरी पट हळू.

ऋता शिकागोला

पहिले दोन आठवडे शेजारच्या देशपांडे काकूंनी ऋताला सांभाळलं. पण त्या स्वतः नोकरी करायच्या. सुहास सकाळी ऑफिसला, दुपारी हॉस्पिटलात, संध्याकाळी ऋताला घ्यायला. एकदा तो माझ्या खोलीतल्या खुर्चीत ओव्हरकोट आणि बर्फाचे बूट न काढताच झोपून गेला. बुटांखाली पाण्याचं तळं साचलं.

शेवटी त्याची मोठी बहीण, माधुरीताई, शिकागोहून आल्या आणि ऋताला घेऊन गेल्या. त्यांचं घर डेव्हन ॲव्हेन्यूच्या, म्हणजे तिथल्या देशी दुकानांच्या रस्त्याच्या जवळ. ताई फार प्रेमळ. त्यांनी ऋताला मिठाईच्या दुकानांतून फिरवलं, लाल परकर-पोलकं शिवून घेतलं. दर रविवारी फोन यायचा. सुहास रिसीव्हर माझ्या कानाला धरून उभा राहायचा.

"आई, आर युवर लेग्ज स्टिल स्लीपिंग?"

"हो गं. आळशी झालेत."

"वेक देम अप!"

तिसऱ्या रविवारी ती फोनवर आलीच नाही. लाडू खात होती. माधुरीताई म्हणाल्या, "अगं, रमलीय हो ती, तू काळजी करू नकोस." मी म्हटलं, बरं झालं. फोन ठेवल्यावर मी सुहासवर ओरडले. इतके दिवस मोठा आवाज फुटत नव्हता, तो बरोबर त्याच दिवशी फुटला.

"माझी मुलगी मला परत आणून दे!"

"कोण बघणार तिच्याकडे? मी? कसं? सांग ना, कसं?"

"तुला सगळं ठीक वाटतंय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतोस, फाइन, फाइन, शी इज डूइंग फाइन!"

"मग काय सांगू?" सुहासचा आवाज चढला. "माझी बायको बाहुलीसारखी पडलीय आणि मी रोज घरी जाऊन रिकाम्या पलंगाशी बोलतो, हे सांगू?"

माझ्या आणि शेजारच्या पलंगाच्या मधला पडदा ओढलेला होता. पलीकडून एक बारीक आवाज आला, अगदी तुटक इंग्रजीत. "एक्स्क्यूज मी. मला भाषा नाही समजत. पण तुम्ही दोघं थकलेले. तो घरी जाऊन झोपेल. तू इथे झोप. भांडण उद्या."

पडद्यापलीकडची

ती मीसुक. मला रिहॅब वॉर्डात, म्हणजे हातपाय पुन्हा चालते करतात तिथे हलवलं त्याच दिवशी तीही आली होती, पण तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून टांगलेला. वय चोविसाच्या आसपास, चण शाळकरी मुलीसारखी, आणि दंड असे की आमच्या फिजिओथेरपिस्ट डोरीनने पहिल्याच दिवशी दाबून बघितले.

"कसं मोडलं?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

तिने टांगलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी जिम्नॅस्ट. कोरियाच्या टीममध्ये होते. बीमवर, इतक्या अरुंद लाकडावर, उलटी कोलांटी मारायचे. बार्सवरून उडायचे. कधी काही मोडलं नाही." आणि सुस्कारा टाकून पुढे, "इथे ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये बर्फावर घसरले. हातात किमचीची बरणी होती. बरणी वाचवली."

मी हसले. हसल्याने छाती दुखली, तरी हसले. तिने मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि तीही खुदकन हसली.

तिने मला वय विचारलं. मी एकतीस म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तू ओन्नी." कोरियन मुली मोठ्या बहिणीला ओन्नी म्हणतात. आपल्याकडे ताई, तसंच. त्यानंतर ती मला नावाने कधी हाक मारेना.

तिची सख्खी ओन्नी ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवायची आणि संध्याकाळी डबा आणि किमची, म्हणजे त्यांचं आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं, घेऊन यायची. सुहास देशपांडे काकूंच्या हातची लसणाची चटणी आणायचा. आमच्या खोलीला असा वास यायचा की डॉक्टर दारातूनच तब्येत विचारायचे. वॉर्डाच्या मुख्य नर्सने किमची खिडकीबाहेर ठेवायला सांगितली. बाहेर उणे तापमान, बरणी गोठली. मग मीसुक बर्फाळ किमची चघळायची आणि मी डोरीनच्या हातून चटणी लावलेला ब्रेड खायची. डोरीन आडदांड, गोरीपान, पोलिश आजीच्या हाताखाली वाढलेली बाई. तिला चटणी इतकी आवडली की ती दुपारी लंच आमच्याच खोलीत घ्यायला लागली.

तिचं शिक्षण

रिहॅबमध्ये दुपार लांबलचक असते. अशा दुपारी मीसुक तिची गोष्ट सांगत गेली.

तिचं गाव डोंगरातलं, वडील बस दुरुस्त करायचे. शाळेत एक दिवस बाहेरून मास्तर आले. त्यांनी मुलींना आडव्या दांड्याला लटकायला सांगितलं. एकेक करून सगळ्या पडल्या, ही लटकतच राहिली. "मला वाटलं, सोडलं तर रागावतील." मग तिला सोलला नेलं. वसतिगृह, एका खोलीत आठ जणी. सकाळी अंधारात उठून धावणं. तळहातांची साल निघायची, तिच्यावर खडूची पूड चोळायची आणि पुन्हा बार. वजन वाढलं की रात्रीचं जेवण बंद. घरी जायला वर्षातून दोनदा मिळायचं. पहिल्या सुट्टीत आईने तिचे हात बघितले आणि वडिलांना म्हणाली, हे तर तुमचेच हात.

"आवडायचं तुला?" मी विचारलं.

तिला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "बार्स नाही. व्हॉल्ट नाही," ती विचार करत म्हणाली. "बीम. स्पर्धेत बीमवर चढलं की कोच ओरडू शकत नाही. नियम आहे. तिथे मी एकटी."

एकदा परदेशातल्या एका स्पर्धेत ती त्याच लाडक्या बीमवरून तीन वेळा पडली. टीममधल्या मुली खाली बघायला लागल्या. ती तिन्ही वेळा चढली आणि शेवटी परीक्षकांकडे वळून, हात वर करून, हसली. ते हसणंही शिकवलेलं असतं म्हणे.

मग मॉस्कोच्या ऑलिंपिकची तयारी सुरू झाली, आणि कोरियाने तिकडे जायचंच नाही असं ठरवलं. आणखीही पुष्कळ देशांनी ठरवलं होतं. मुलींना हे एका सकाळी सरावाआधी सांगितलं.

"मग काय केलंत?"

"सराव केला," मीसुक म्हणाली. "दुसरं काही येत नव्हतं."

पुढच्या ऑलिंपिकपर्यंत तिच्यापेक्षा लहान, हलक्या मुली आल्या. तिला एक कप आणि एक सुटकेस देऊन घरी पाठवलं. बहिणीने अमेरिकेत बोलावून घेतलं. इथल्या एका जिममध्ये ती छोट्या मुलांना शिकवायला लागली, आणि ते काम तिला मनापासून आवडलं. "इथली मुलं पडली की 'वन मोर टाइम' म्हणतात! आमच्याकडे कुणी असं म्हटलं नाही."

मी शाळेत पी.टी.च्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसणारी मुलगी. मी हे सगळं आ वासून ऐकायची.

उशीवर

हळूहळू माझे हात परत आले. मग कंबर. मग मांड्यांत थोडा जीव. डोरीन मला थेरपीच्या हॉलमध्ये दोन समांतर दांड्यांच्या मधोमध उभी करायची, कमरेला पट्टा बांधून. पहिल्याच दिवशी माझे गुडघे मुडपले. तिने मला अलगद धरलं, काही लागलं नाही. पण मी इतकी घाबरले की दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरच्या हातांना जी पकडून बसले, ती सोडेचना. तिसऱ्या दिवशीही तेच. "उद्या," मी म्हणायची. "आज बरं वाटत नाहीये." पी.टी.चा तास पुन्हा सुरू झाला होता.

डोरीनने खोलीत येऊन मीसुकसमोर तक्रार केली. "तुझी मैत्रीण उभी राहत नाही."

"तिला पडता येत नाही," मीसुक शांतपणे म्हणाली. "म्हणून उभी राहत नाही. ओन्नी, आधी पडायला शीक. आम्हाला पहिला अख्खा हिवाळा फक्त पडायला शिकवलं."

मग वर्ग भरला. मास्तरीण टांगलेल्या पायाने पलंगावर, विद्यार्थिनी पलंगाच्या कडेला बसलेली, डोरीन पाठीशी. हनुवटी छातीला लाव. हात पुढे टेकू नकोस, मनगट मोडेल. पाठ गोल कर. श्वास सोड. आणि घट्ट होऊ नकोस, पोत्यासारखी हो. मी कुशीवर उशांच्या ढिगावर पडायची, डोरीन उचलून बसवायची, मी पुन्हा पडायची. आधी डोळे मिटून. मग उघडे ठेवून. आठवडाभरात त्यात मजा यायला लागली. एकतीस वर्षांची, अर्धी पीएच.डी. झालेली बाई "वन मोर टाइम" म्हणून उशांवर पडत होती.

सुहास एकदा नेमका त्या वेळी आला. दारातच थांबला.

"हे काय चाललंय?"

"अभ्यास," मी पडल्या पडल्या म्हटलं.

तो खाली बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग म्हणाला, "मलाही शिकवा." मीसुकने त्यालाही शिकवलं. तो लाकडासारखा पडला. मीसुक म्हणाली, "तुझा नवरा फार घट्ट. त्याला जास्त सराव पाहिजे." त्या दिवसापासून तो लोकांना "फाइन" म्हणायचा बंद झाला. कुणी विचारलं की सांगायचा, "तिचं जरा कठीण आहे, माझंही आहे. रविवारी जेवण घेऊन याल का?" लोक आणायला लागले. इतके दिवस त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एक्स-रे

मार्चच्या शेवटी मीसुकच्या पायाची वजनं काढली. नवा एक्स-रे झाला. दुपारी तिला परत आणून पलंगावर ठेवलं, तेव्हा ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

"मीसुक? काय म्हणाले?"

तिने चादर कानापर्यंत ओढली.

"मीसुक!"

"हाड जुळलं," ती भिंतीला म्हणाली. "पाय आखूड जुळला. इतका." तिने बोटं दाखवली असावीत, मला दिसली नाहीत. "मुलांना मी करून दाखवते, ओन्नी. बोलून नाही शिकवत. माझी भाषा नाही. करून दाखवणं हीच माझी भाषा. आता काय?"

आणि ती रडायला लागली. आवाज न करता. आठ जणींच्या खोलीत राहून शिकलेलं रडणं.

तिचा पलंग माझ्यापासून चार हातांवर होता. मी बेल दाबली. कुणी आलं नाही, शिफ्ट बदलत होती. मग मी ठरवलं. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये सरकायला आम्हाला एक गुळगुळीत फळी दिलेली असायची. डोरीन बाजूला असताना मी ते करायची. एकटीने कधीच केलं नव्हतं. मी फळी लावली. हातांवर भार घेऊन सरकले, एकदा, दोनदा. चाकाचा ब्रेक लावायला मात्र विसरले.

खुर्ची शांतपणे मागे गेली आणि मी खाली आले.

हनुवटी छातीला, पाठ गोल, श्वास बाहेर. मी जमिनीवर कुशीवर पडले होते आणि मला कुठेच लागलं नव्हतं. तशीच पडून मी एकेक अवयव तपासला. सगळं जागच्या जागी. जानेवारीपासून ज्याची धास्ती घेतली होती ते घडून गेलं होतं, आणि ते एवढंसंच होतं.

वर पलंगाच्या कडेला मीसुकचं लाल नाक दिसलं.

"ओन्नी!" ती किंचाळली. "मोडलं?"

"नाही. बरोबर पडले ना?"

तिने वाकून मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. नाक पुसलं. आणि अगदी परीक्षकाच्या गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नऊ पॉइंट दोन. डावं कोपर बाहेर."

मी हसायला लागले. मग तीही. डोरीन धावत आली तेव्हा एक पेशंट फरशीवर आणि दुसरी पलंगावर, दोघींची हसून हसून मुरकुंडी वळलेली. डोरीनने आम्हा दोघींना अशा शिव्या घातल्या की त्यातल्या निम्म्या पोलिश असाव्यात. मग तिने मला उचललं, खुर्चीत बसवलं, ब्रेक लावला आणि मला मीसुकच्या पलंगाशी नेऊन ठेवलं. "पोचायचं होतं ना इथे? आता बस." आणि दार लोटून गेली.

मी मीसुकचा हात धरला. मी म्हटलं, "मला तू एकदाही करून दाखवलं नाहीस. पाय टांगून पडली होतीस. नुसतं बोलून शिकवलंस. आणि मला आलं."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "नऊ पॉइंट दोन जास्त दिले. नऊ."

दुसऱ्या दिवशी डोरीनने आम्हाला दोघींना एकदमच हॉलमध्ये नेलं आणि त्या दांड्यांच्या दोन टोकांना समोरासमोर उभं केलं. मीसुकने दांड्यांवर हात फिरवला आणि नाक उडवलं. "पॅरलल बार्स! हे पुरुषांचं. बायकांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये नसतंच. मी आयुष्यात यावर हात ठेवला नाही."

"म्हणजे आपण दोघी नव्याच," मी म्हटलं.

त्या दिवशी मी तिच्या दिशेने चालले. चालणं कसलं, घसटणं. पण ते घसटणं तिच्यापाशी जाऊन थांबलं, आणि तिचंही माझ्यापाशी.

घरी

एप्रिलच्या शेवटी मी वॉकर घेऊन घरी आले. पुढच्याच शनिवारी माधुरीताई ऋताला घेऊन न्यूअर्क विमानतळावर उतरल्या. ऋता आत्याच्या मागे लपली. मी तिथेच एका खुर्चीत बसले होते, हात पुढे केले नाहीत. फार मोह होत होता, पण नाही केले. मी उठून उभी राहिले, वॉकरला धरून. ती बाजूने येऊन माझे पाय निरखायला लागली. मग गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाली, "दे आर अवेक."

मग मी हात पुढे केले, आणि आम्ही दोघी जवळजवळ पडलोच.

मला पूर्ण बरं व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. 'पूर्ण' म्हणजे काय, तर थंडीत अजून पावलं बधिर होतात आणि जिन्याचा कठडा मी सोडत नाही. पीएच.डी. उशिरा झाली, पण झाली. आजारपणात माझ्याशी सर्वांत चांगलं कोण वागलं, याचा मी खूप विचार केला आहे. ज्यांनी धीर दिला, त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण जे शेजारी बसून आपापलं रडगाणंही गात राहिले, त्यांच्यामुळे मी फक्त पेशंट राहिले नाही. तुमच्या शेजारच्या पलंगावर कुणी असेल तर पडदा सरकवा. आणि घरच्यांनो, पेशंटला तुमचं दुखणं सांगायला घाबरू नका. आम्हाला कुणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं.

मीसुक जिममध्ये परत गेली. एका बुटाला जाड तळ लावून घेतला. करून दाखवता येईना म्हणून तिला बोलावं लागलं, आणि बोलता बोलता तिचं इंग्रजी असं सुटलं की तिथली मुलं तिच्यासारखीच क्रियापदं गाळून बोलायला लागली. आमची ऋताही. दोन वर्षं ती मीसुक मावशीकडे कोलांट्या शिकली, मग एक दिवस तिने जाहीर केलं की तिला ट्रॉम्बोन वाजवायचाय. मीसुक म्हणाली, "व्हेरी गुड. चॉइस आहे, म्हणून चांगलं."

अठ्ठ्याऐंशी साली ऑलिंपिक सोललाच भरलं. मीसुकने पैसे साठवले आणि बहिणीला घेऊन ती बघायला गेली, जिम्नॅस्टिक्सच्याच तिकिटांवर. मला काळजी वाटत होती. जिथे तिला उतरायचं होतं, तिथे ती आता प्रेक्षकांत बसणार. मी सुहासला म्हटलंही, जायला नको होतं तिने.

सकाळी आम्ही पोहे खात होतो आणि फोन वाजला. इतका गोंगाट येत होता की आधी काही कळेना.

"ओन्नी!" ती ओरडत होती. "ओन्नी, बाहेरच्या फोनवरून बोलतेय! आमची जागा अगदी वरच्या रांगेत! तिथून बीम बघितला. किती बारीक दिसतो तो! दोरा! मला माहीतच नव्हतं, मी कधी वरून पाहिलाच नाही. आम्ही त्याच्यावर चढायचो? उड्या मारायचो? वेड्या होतो का आम्ही?"

ती हसत होती. मागे लोक कशासाठी तरी टाळ्या वाजवत होते. ऋताने माझ्या हातातून रिसीव्हर ओढायचा प्रयत्न चालवला होता.

"चढायचीस," मी ओरडून म्हटलं. "तू चढायचीस, मीसुक!"

"हो," ती म्हणाली, आणि आवाज जरासा खाली आला. "चढायचे ना?"